डायरीतून गळलेला सिनेमा: जोह्याचा कारखाना आणि 'नवरा माझा नवसाचा'

मागच्या लेखात आपण मौखिक इतिहासाच्या मुलाखतीची तयारी कशी करायची ते पाहिलं. आज मी माझीच एक चूक सांगणार आहे. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा आराखडा लिहायला बसला असाल, तर हीच चूक तुमच्या हातूनही होण्याची बरीच शक्यता आहे. माझ्या चुकीत दोन आठवड्यांच्या नोंदी कायमच्या गेल्या. तुमच्या जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा लेख.

रायगड जिल्ह्यात हंगामी काम करणारी माणसं कामाच्या जागी काय ऐकत होती, काय बघत होती, हा माझा विषय. त्यासाठी मी पेण तालुक्यातल्या जोहे गावात जायला लागले. मुंबई-गोवा महामार्ग सोडून हमरापूर फाट्यावरून आत गेलं की हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गणपतीच्या कारखान्यांची गावं लागतात. इथे 'कारखाना' म्हणजे धुराडं नव्हे. घराची पडवी, अंगणातली पत्र्याची शेड, ताडपत्रीचा मांडव, जिथे मूर्ती बनतात तो कारखाना. कच्च्या मूर्ती घासायच्या, रंग मारायचा, सोनेरी काम करायचं, खडे लावायचे आणि सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे. भाद्रपद जवळ आला की रात्रीचा दिवस होतो. ट्यूबलाइटच्या उजेडात शेकडो गणपती ओळीने बसलेले, कुणाला डोळे आहेत, कुणाला अजून नाहीत, आणि कोपऱ्यात कशाला तरी टेकवलेला एक मोबाइल, त्यावर सिनेमा चालू.

पहिले दोन आठवडे मी डायरीत रोज जवळजवळ एकच ओळ लिहिली: 'काम करताना गाणी आणि सिनेमे लावतात.' कुठला सिनेमा ते लिहिलं नाही. पुण्याला परतल्यावर मार्गदर्शकांनी डायरी चाळली आणि एकच प्रश्न विचारला, "कुठला सिनेमा?"

मला उत्तर तोंडपाठ होतं. 'नवरा माझा नवसाचा'. मी असताना तीन वेळा तरी लागला होता आणि तिन्ही वेळा मी तिथेच बसून हसले होते. लिहिलं नव्हतं, कारण लाज वाटली होती. प्रबंधात सिनेमाचं नाव यायचंच असेल तर ते जरा वजनदार असावं, असं कुठेतरी मनात होतं. आणि तो एकटाच नव्हता. त्या पंधरवड्यात दुसरेही सिनेमे लागले असणार. ते कुठले, हे आता मला सांगता येत नाही. एका नावाची लाज वाटली म्हणून मी सगळीच नावं गाळली.

लाज कुणाची असते?

'गिल्टी प्लेझर' हा शब्द आता मराठीतही सर्रास वापरतात. आवडतं, पण चारचौघांत सांगायला संकोच वाटतो, असं काहीतरी. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या शब्दापाशी थांबून विचारावं: संकोच वाटतो तो कुणासमोर? आणि कधीपासून?

कारण सिनेमाच्या प्रतिष्ठेलाही तारखा असतात. दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' १९७१चा. त्यांचे सिनेमे पंचवीस-पंचवीस आठवडे चालत होते, तेव्हा मध्यमवर्गीय घरांत त्यांचं नाव जरा दबक्या आवाजात घेतलं जायचं. आज त्यांच्यावर चर्चासत्रात निबंध वाचता येतो. सचिन पिळगांवकर यांचा 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) घ्या. आज तो मराठी विनोदी सिनेमाचा मानदंड समजला जातो, त्यातले संवाद लोक रोजच्या बोलण्यात वापरतात. पण त्याची गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून (१९६६) आली आणि 'बीवी और मकान' आला होता 'जयमा काली बोर्डिंग' या बंगाली सिनेमावरून (१९५५). 'उसनी कथा' हा दोष असेल, तर तो आपल्या सगळ्यात लाडक्या सिनेमातही आहे. तिथे तो आपल्याला खुपत नाही, इतकंच.

म्हणजे 'सदोष' हा शिक्का सिनेमात आतून छापलेला नसतो. कुणीतरी, कुठल्यातरी काळात, कुठल्यातरी खुर्चीत बसून तो मारलेला असतो. ही खुर्ची कुठली, हे लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

एका बसची वंशावळ

'नवरा माझा नवसाचा' २००४ चा. लेखन-दिग्दर्शनात सचिन, पडद्यावर सचिन, सुप्रिया आणि कंडक्टरच्या वेषात अशोक सराफ. गोष्ट थोडक्यात अशी: जोडप्याला मूल होत नाही, वडिलांनी बोललेला एक विचित्र नवस फेडायचा राहून गेलाय, तो म्हणजे मुलाला नागडं गणपतीपुळ्याला नेण्याचा. मुलगा आता बाप्या झालेला. मग एसटीने मुंबई ते गणपतीपुळे असा प्रवास. गाडीत नाना तऱ्हेची माणसं, मध्येच गुन्हेगारीचं एक उपकथानक, मध्येच गाणी, बाहेर हिरवंगार कोकण. कथा सैल आहे, विनोद ताणलेले आहेत, काही आज ऐकवतही नाहीत. तरी लोक पुन्हा पुन्हा बघतात.

ही बस एकटी नाही. तिच्या आधीच्या गाड्या बघू.

१९६६ मध्ये तमिळमध्ये 'मद्रास टू पाँडिचेरी' आला. दिग्दर्शक तिरुमलै-महालिंगम ही जोडी. जिवाच्या भीतीने पळालेली मुलगी, तिच्या मागावरचे गुंड, तिच्यामागे बसमध्ये चढलेला नायक आणि गाडीभर विनोदी प्रवासी. १९७२ मध्ये एस. रामनाथन यांनी त्याचा हिंदी अवतार केला, 'बॉम्बे टू गोवा'. 'जंजीर'च्या आधीचा अमिताभ बच्चन, अरुणा इराणी, शत्रुघ्न सिन्हा, मेहमूद, मुकरी, केश्तो मुखर्जी, ललिता पवार आणि स्वतःच्याच भूमिकेत किशोर कुमार. आर. डी. बर्मन यांचं संगीत. बसमधल्या पळपुट्या मुलीचा सांगाडा त्याहून जुना आहे. फ्रँक काप्राचा 'इट हॅपन्ड वन नाइट' १९३४ चा, आणि त्यावरून आलेला 'चोरी चोरी' १९५६ चा.

आता संशोधकाचा पहिला धडा. एकच साचा पुन्हा पुन्हा वापरला गेला असेल, तर काय सारखं राहिलं यापेक्षा काय बदललं याची यादी करा. मूर्तिकाराला हे सांगायला नको. साचा तोच असतो, पण कारखाना कुठला ते आखणीवरून कळतं.

तमिळमधून हिंदीत येताना काय बदललं? मद्रासच्या जागी मुंबई आली, हे सरळ आहे. पण पाँडिचेरीच्या जागी गोवाच का? मुंबईहून निघणारी बस पुणे, नाशिक, महाबळेश्वर कुठेही जाऊ शकली असती.

नकाशा आणि तारखा शेजारी ठेवून बघा. पाँडिचेरी फ्रेंचांच्या ताब्यात होतं. १ नोव्हेंबर १९५४ ला त्याचा कारभार भारताकडे आला आणि कायदेशीर हस्तांतरण १९६२ मध्ये पूर्ण झालं. गोवा पोर्तुगीजांकडे होता, तो १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला. दोन्ही ठिकाणं समुद्राकाठची, शेजारच्या राज्यापेक्षा वेगळ्या वळणाची, आणि नुकतीच 'आपली' झालेली. दोन्ही तेव्हा केंद्रशासित प्रदेश. गोव्याने तर १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला होता. शिवाय दारू. मद्रास राज्यात दारूबंदी होती, ती १९७१ मध्ये उठवली गेली. मुंबईत १९४९ चा दारूबंदी कायदा होता, त्यामुळे प्यायला परवाना लागे. पाँडिचेरीत आणि गोव्यात ही भानगड नव्हती. म्हणजे दोन्ही गाड्या निर्बंधांच्या महानगरातून निघून शेजारच्या मोकळ्या, किंवा मोकळ्या समजल्या जाणाऱ्या, परक्या-आपल्या किनाऱ्याकडे चालल्या होत्या. पाँडिचेरीला मुंबईजवळ इतका नेमका जोडीदार दुसरा कुठला मिळाला असता?

आता १९७२ वरून २००४ वर या. किनारा तोच राहिला, पण मुक्काम बदलला. गोवा गेला, गणपतीपुळं आलं. मौजेची जागा नवसाने घेतली. पळून चाललेल्या मुलीच्या जागी घरचं गाऱ्हाणं घेऊन निघालेलं लग्नाचं जोडपं बसलं. आणि खासगी गाडीच्या जागी एसटी आली. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावाकडच्या माणसाला 'गाडी' म्हटलं की लाल डबाच आठवतो. १९७२ च्या सिनेमातली बस खासगी होती, ती मुंबई-गोवा रस्त्यावरच्या रोजच्या प्रवासातून आलेली नव्हती, सिनेमाच्या गरजेतून आलेली होती. २००४ ची एसटी मात्र आपल्या ओळखीची आहे. तिच्यात घंटीची दोरी आहे आणि हुज्जत घालणारा कंडक्टर आहे.

हिंदीत तोवर गोवा कुठे पोचला होता? 'गोलमाल'मध्ये (२००६) तो चार टवाळांना लपायची जागा आहे, 'गो गोवा गॉन'मध्ये (२०१३) बेटावरच्या पार्टीची आणि मग चक्क झोंबींची. हिंदी विनोदी सिनेमाने गोवा धरून ठेवला. मराठीने त्याच रस्त्यावर अलीकडे उतरून देवळाची वाट धरली.

इथून दोन फाटे फुटतात. एक: सचिन यांनीच २००७ मध्ये याच गोष्टीचा कन्नड 'एकदंत' केला. म्हणजे तमिळमधून हिंदीत, मग मराठीत आणि तिथून परत दक्षिणेला अशी गाडी फिरली. दोन: २०२४ मध्ये 'नवरा माझा नवसाचा २' आला. त्यात एसटी जाऊन कोकण रेल्वे आली आणि कंडक्टरचे अशोक सराफ टीसी झाले.

जिथे हात आखडायचा

एवढं जुळलं की अंगात वारं शिरतं. माझ्याही शिरलं होतं. म्हणून आता उलट बाजू.

पहिली गोष्ट, 'रीमेक' हा शब्द जपून वापरा. 'बॉम्बे टू गोवा' हा तमिळ सिनेमाचा रीमेक आहे, हे पक्कं सांगता येतं. 'नवरा माझा नवसाचा'बद्दल बोलताना मी 'त्याच घराण्यातला' म्हणते. पळपुटी मुलगी गेली, नवस आला, म्हणजे कथेचा कणाच बदलला. साम्य दाखवणं वेगळं आणि उसनवारी सिद्ध करणं वेगळं. दुसऱ्यासाठी कागद लागतो. श्रेयनामावली, करार, मुलाखत, काहीतरी.

दुसरी गोष्ट, पडद्यावरचा रस्ता आणि पेणवरून जाणारा रस्ता एकच, असं धरून चालू नका. सिनेमात मैलाचा दगड दिसला म्हणजे कॅमेरा तिथेच उभा होता असं होत नाही. रस्त्याचा इतिहास लिहायचा असेल तर बांधकाम खात्याचे अहवाल वाचा. सिनेमा सांगतो तो त्या रस्त्याबद्दलच्या कल्पनेचा इतिहास.

तिसरी गोष्ट, कारणं लावायची घाई. बघा, हा मोह किती गोड आहे: कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली. आपल्याच जिल्ह्यातल्या रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत, सुमारे ७४० किलोमीटर. तरी २००४ च्या सिनेमात एसटी, आणि रेल्वे यायला २०२४ उजाडलं. मधल्या काळात महामार्गाचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पळस्पे ते इंदापूर टप्प्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ च्या सुमारास सुरू झालं आणि पुढे दशकभराहून जास्त रखडलं. मग लिहून टाकावंसं वाटतं: 'महामार्ग रखडला म्हणून मराठी विनोदी सिनेमा रेल्वेत बसला.' वाक्य टाळ्या घेणारं आहे. पण त्याला पुरावा शून्य. दुसऱ्या भागासाठी वेगळं वाहन हवं होतं, इतकं साधंही कारण असू शकतं. आणि २००४ मध्ये एसटी का, याचं उत्तर तर नकाशातच आहे. गणपतीपुळ्याला रेल्वे जात नाही, रत्नागिरीला उतरून पुन्हा गाडीच धरावी लागते. अशी वाक्यं डायरीत जरूर लिहा, शेजारी ठळक 'गृहीतक' लिहा आणि प्रबंधात आणायच्या आधी महिनाभर तशीच राहू द्या.

पुन्हा जोह्यात

मार्गदर्शकांच्या त्या प्रश्नानंतर मी परत जोह्याला गेले. या वेळी वहीत वेगळे रकाने पाडून नेले: सिनेमाचं नाव, कशावर लावला, कुणी लावला, कुठे थांबवला, कोण हसलं, कोण नाही.

आखणीला एक वयस्क काका बसतात. त्यांना मी सरळ विचारलं, "काका, हाच सिनेमा सारखा का लावता?" मला वाटलं होतं, ते म्हणतील गणपतीचा आहे म्हणून, किंवा कोकणातला आहे म्हणून. माझ्या आराखड्यात 'प्रादेशिक अस्मिता' असा एक सुंदर उपविभाग त्याची वाट बघत होता.

काकांनी ब्रश थांबवला नाही. म्हणाले, "बाय, नवा पिच्चर लावला का पोरांची मान वर जाते. मान वर गेली का रेघ चुकते. ह्यो पाठ हाय. ह्यो कानानं बघायचा."

कानानं बघायचा. मी वर ज्यांना दोष म्हटलं ते आता एकेक करून आठवा. कथा सैल आहे, म्हणून पंधरा मिनिटं कंप्रेसर चालू राहिला आणि काही ऐकू आलं नाही तरी काही बिघडत नाही. विनोद पुन्हा पुन्हा येतात, म्हणून पडद्याकडे न बघता हसता येतं. पात्रं ढोबळ आहेत, म्हणून आवाजावरून कोण बोलतंय ते कळतं. गाणी मध्येच येतात, तेवढ्यात पाठ सरळ करून पाणी पिता येतं. रात्री दोन वाजता, मान मोडून, एका केसाच्या ब्रशने डोळ्याची कड काढणाऱ्या माणसाला घट्ट विणलेला, श्वास रोखून बघायचा उत्तम सिनेमा काय कामाचा? तो त्याच्या कामाचा शत्रूच.

ती खुर्ची आठवली? आपण समीक्षेत ज्यांना दोष म्हणतो ते अंधाऱ्या थिएटरात, तिकीट काढून, समोर तोंड करून बसलेल्या माणसाच्या खुर्चीतून दिसतात. कारखान्यातल्या पाटावरून तोच सिनेमा बघितला, किंवा ऐकला, तर त्यातले निम्मे दोष सोयी ठरतात.

मग काकांनीच मागचा हिशोब सांगितला. आधी रेडिओ. मग कॅसेट, आणि त्यात 'वस्त्रहरण' किती वेळा घासलं असेल त्याची गणतीच नाही. पुढे व्हीसीडी, आता मोबाइल. 'वस्त्रहरण' म्हणजे गंगाराम गवाणकरांचं मालवणी नाटक, १९८० साली मच्छिंद्र कांबळींनी गाजवलेलं, पाच हजारांहून अधिक प्रयोग झालेलं. गावातली मंडळी महाभारताचं नाटक बसवायला जातात आणि जो गोंधळ उडतो तो. तेही माणसांच्या घोळक्याचं, तेही कोकणातलं आणि तेही कानाने घ्यायचं. म्हणजे या कारखान्यात 'नवरा माझा नवसाचा'चा खरा पूर्वज 'बॉम्बे टू गोवा' नसून 'वस्त्रहरण'ची कॅसेट आहे. सिनेमाच्या इतिहासात त्याची वंशावळ एक आणि ऐकणाऱ्यांच्या इतिहासात दुसरी. ही दुसरी मला कुठल्याच ग्रंथालयात मिळाली नसती.

'बॉम्बे टू गोवा' काकांनी पाहिलेला होता. त्याबद्दल म्हणाले, "ती गाडी मजेला चालली व्हती. ही गाडी गावाला चाललेय." दोन सिनेमांतला फरक दाखवायला मला तारखा लागल्या, जनमत कौल लागला, दारूबंदी लागली. त्यांना नऊ शब्द पुरले. तरी माझं काम वाया गेलं असं मला वाटत नाही. काकांनी फरक सांगितला, तो केव्हा आणि कशातून घडला हे मला शोधायचं आहे. सणाला, नवसाला, अडीअडचणीला गावी जाणारा चाकरमानी हा या रस्त्याचा सगळ्यात जुना प्रवासी. १९७२ च्या त्या बसमध्ये नाना जातींचे, नाना बोलींचे प्रवासी बसवले होते, पण गाडीचा सूर सहलीचा होता. चाकरमान्याच्या प्रवासाचं कारण गोष्टीच्या मध्यभागी यायला २००४ यावं लागलं.

जे हसले नाहीत

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की मी सिनेमाला सगळं माफ केलं. तसं नाही. 'कोण हसलं नाही' हा रकाना मी उगाच पाडलेला नव्हता.

खडे लावायचं काम बहुतेक ठिकाणी बायका करतात. मुकुटावर, सोंडेच्या पट्टीवर, एकेक खडा चिमट्याने उचलून डिंकावर बसवायचा. नवसाचा प्रसंग लागला आणि सगळा कारखाना हसला. एक बाई हसल्या नाहीत. नंतर चहाच्या वेळी, सिनेमाचा विषय न काढता, मी नुसती त्यांच्या शेजारी बसले. त्याच म्हणाल्या, "बोलणारा बोलून गेला. घोर सुनेला." आणि पुन्हा खडे निवडायला लागल्या.

मूल होत नाही हा त्या सिनेमात विनोदाचा सांगाडा आहे. तो पेलायला नवरा-बायको दोघं असले तरी देवाच्या दारी जायची घाई बायकोला आहे. मी तीन वेळा हसताना हे मला दिसलं नव्हतं. 'बॉम्बे टू गोवा'तही तसंच आहे. सदा भुकेलं पोर आणि त्याची लठ्ठ आई, त्यांची दाक्षिणात्य बोली, यांवर आपण लहानपणापासून हसत आलोय. हसू कुणाच्या जिवावर आहे हे विचारायला उशीर झाला, एवढंच.

त्या बाईंना मी पुढे काही विचारलं नाही. त्यांचं नाव, वय, कारखाना माझ्या प्रबंधात येणार नाही, आणि इथेही नाही. त्यांचं वाक्य वापरू का, हे मात्र विचारलं. त्यांनी वापर म्हणून सांगितलं.

म्हणून माझं तुम्हाला सांगणं आहे: आवडत्या सदोष सिनेमाबद्दल लाजू नका आणि त्याची वकिलीही करू नका. दोन्हीत पुरावा बुजतो. मी लाजले तेव्हा सिनेमाचं नावच गळलं. मी वकिली केली असती तर त्या बाई गळल्या असत्या.

तुमच्यासाठी काम

आराखडा लिहिण्याआधी एवढं करून बघा.

एक, तुमच्या विषयाच्या आसपासची अशी एखादी गोष्ट निवडा जी तुम्हाला मनापासून आवडते आणि प्रबंधात लिहायला लाज वाटते. सिनेमा, तमाशाची कॅसेट, दिवाळी अंकातली रहस्यकथा, लग्नातला बँड, काहीही. तिचं पूर्ण नाव, साल, करणाऱ्याचं नाव लिहा.

दोन, तिची आधीची आणि नंतरची भावंडं शोधा. शेजारी शेजारी मांडून काय बदललं त्याची यादी करा. बदलाची तारीख आणि बाहेरच्या जगातली तारीख जवळ आली तर 'गृहीतक' असं लिहून थांबा.

तीन, ती गोष्ट खरोखर वापरणाऱ्या माणसाकडे जा. 'तुम्हाला हे का आवडतं?' असं विचारू नका, माणसं भाषण देतात. 'हे कधी लावता? कधी बंद करता?' असं विचारा.

चार, कोण हसत नाही ते बघा आणि गप्प बसा.

गेल्या महिन्यात मी सुधारलेला आराखडा सादर केला. 'प्रादेशिक अस्मिता' हा उपविभाग काढून टाकला, त्या जागी 'कानाने बघायचे सिनेमे' असा घातला. समितीतल्या एकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हे शीर्षक राहणार आहे का?" मी हो म्हटलं. त्यांनी पान उलटलं. मंजुरी अजून यायची आहे.

यंदा आखणी सुरू झाली की मी पुन्हा जोह्याला जाणार आहे. ते पहिले दोन आठवडे काही परत येणार नाहीत. काकांना विचारून पाहिलं, तेव्हा कुठले कुठले सिनेमे लागले होते? ते म्हणाले, "तू व्हतीस ना बसलेली. तुलाच ठावं."

मला ठाऊक होतं. मी लिहिलं नव्हतं.